सिंधुदुर्गातलं गाव आणि ग्रामपंचायत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदा आणि कुडाळ, कणकवलीसारख्या नगरपंचायती सोडल्या, तर बाकी सगळीकडे ग्रामपंचायतींचा कारभार. गावात बारमाही राहणारे आणि गणपती, शिमगा, मे महिन्याला घर उघडायला येणारे, दोघांचेही प्रश्न जवळपास सारखेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कितीही चर्चा झाली तरी पंचायतीच्या दप्तरी तिची नोंद होत नाही. लेखी अर्ज, त्याची पोच आणि ग्रामसभेतला ठराव, या तीन गोष्टींनीच गावातली कामं हलतात. खालच्या बहुतेक उत्तरांत तुम्हाला हेच पुन्हा दिसेल.

कार्यालय आणि दाखले

कुठल्या कामाला कोणाकडे जायचं? सरपंच, ग्रामसेवक की तलाठी?

जमिनीचं काम तलाठ्याकडे: सातबारा, फेरफार, वारस नोंद. घर, पाणी, दिवाबत्ती, जन्म-मृत्यू आणि लग्नाची नोंद हे ग्रामसेवकाकडे. 2024 पासून ही पदं ‘ग्राम महसूल अधिकारी’ आणि ‘ग्रामपंचायत अधिकारी’ या नावांची झाली आहेत, पण गावात अजून जुन्याच नावांनी हाक मारतात, म्हणून इथेही तीच ठेवली आहेत.

सरपंच लोकांमधून थेट निवडून येतात, तरी पंचायतीचे निर्णय मासिक सभेत सदस्यांसह होतात. जन्म-मृत्यूचे आणि लग्नाचे दाखले ग्रामसेवकाच्या सहीने मिळतात, त्यासाठी सरपंचांच्या घरी चकरा मारण्याचं कारण नाही. बऱ्याच ग्रामसेवकांकडे एकापेक्षा जास्त गावं असतात. ते आपल्या गावात कुठल्या वारी बसतात, हे शिपायाला फोन करून विचारलं तर एसटीचं भाडं वाचतं.

वाडीतल्या रस्त्याची तक्रार कोणाकडे करायची?

आधी रस्ता कोणाचा ते बघा. मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे किंवा जिल्हा परिषदेचे, आणि वाडीतल्या पाखाड्या (दगडी पायवाटा) व जोडरस्ते बहुधा ग्रामपंचायतीचे. पंचायतीकडे रस्त्यांची नोंदवही असते, नमुना 23. तुमची वाट त्यात नोंदलेली नसेल तर तिच्यावर सरकारी पैसा खर्च करताना अडचण येते, आणि उद्या कोणी मध्ये गडगा (दगडी कुंपण) घातला तर भांडायला कागद हातात नसतो. आपल्या वाटेची नोंद आहे का, हे एकदा जाऊन डोळ्यांनी बघाच. नसेल तर ज्यांच्या जमिनीतून वाट जाते त्यांची लेखी संमती लागते. ती माणसं हयात आहेत, बोलती आहेत, तोवर मिळवलेली बरी. पुढच्या पिढीत सातबारावर वीस नावं चढली की संमती गोळा करता करता नाकी नऊ येतात.

दाखला किती दिवसांत मिळायला हवा?

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये लागू झाला. त्याखाली अधिसूचित झालेल्या प्रत्येक सेवेला मुदत आहे. जन्म-मृत्यूचे दाखले, विवाह नोंद, घराचा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला, दारिद्र्यरेषेखालचा दाखला या ग्रामपंचायतीच्या नेहमीच्या सेवा आहेत. सेवा, मुदत आणि शुल्क यांचा फलक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे.

मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर 30 दिवसांत पहिलं अपील गटविकास अधिकाऱ्यांकडे करता येतं, त्यानंतर जिल्हा परिषदेत आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. यासाठी अर्जाची पोच मात्र हातात हवी. पोच मागताना संकोच करू नका. तो अविश्वास नव्हे, रीत आहे. मुंबईत बसून अर्ज करायचा असेल तर ‘आपले सरकार’ पोर्टल आहे, तिथे अर्ज क्रमांक आपोआप मिळतो.

बाळ ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जन्मलं. नोंद गावच्या पंचायतीत होईल का?

नाही. जन्म आणि मृत्यू जिथे घडतो तिथेच त्याची नोंद होते. ओरोसला जन्मलेल्याची ओरोसला, डोंबिवलीत जन्मलेल्याची डोंबिवलीत. घरी झालेल्या मृत्यूची नोंद मात्र गावच्या पंचायतीत करायची आणि ती 21 दिवसांच्या आत. त्यानंतर विलंब शुल्क, 30 दिवसांनंतर वरिष्ठांची परवानगी आणि वर्ष उलटलं तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो.

बारावं-तेरावं आटोपून घरचे सगळे मुंबईला परततात आणि म्हाताऱ्या माणसाच्या मृत्यूची नोंद राहून जाते, असं फार होतं. मग वारस नोंदीला दाखला लागतो तेव्हा धावपळ सुरू होते. दिवसकार्याला जमलेल्यांपैकी एकाने त्याच आठवड्यात पंचायतीत जाऊन यावं.

1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा मुख्य पुरावा धरला जातो. त्यावरचं नाव आणि आईवडिलांच्या नावांचं स्पेलिंग दाखला हातात पडल्यावर लगेच तपासा.

घर आणि घरपट्टी

माझ्या नावावर घराचं असेसमेंट आहे. म्हणजे घर माझ्या मालकीचं ना?

नाही, आणि या एका गैरसमजापायी कोकणात भावाभावांत वर्षानुवर्षं बोलणं बंद झालेलं आहे. असेसमेंटचा उतारा म्हणजे नमुना 8. कर कोणाकडून वसूल करायचा हे कळावं म्हणून पंचायत ही नोंद ठेवते. मालकी ठरते ती सातबारा, खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र अशा कागदांवर. आणखी एक गोंधळ: तलाठ्याकडे मिळणारा ‘आठ-अ’ वेगळा. तो तुमच्या खात्यावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा असतो. बँकेने ‘आठचा उतारा आणा’ म्हटलं तर कुठला, ते विचारून घ्या.

घर बाराही महिने बंद असतं. तरी घरपट्टी का?

कर इमारतीवर आणि जमिनीवर आहे, राहण्यावर नाही. 2015 च्या सुधारित नियमांपासून घरपट्टी भांडवली मूल्यावर काढतात. त्यात जागेचा वार्षिक दर, बांधकामाचा प्रकार, घराचं वय आणि वापर धरले जातात. मातीच्या भिंतीचं नळ्यांचं घर आणि चिऱ्याचं स्लॅबचं घर यांचा दर म्हणूनच वेगळा. जुनं घर पडून नुसता चौथरा उरला असेल आणि बिल घराचंच येत असेल, तर फोटोसह लेखी अर्ज देऊन नोंद दुरुस्त करून घ्या. आकारणीची यादी बदलण्याआधी हरकती मागवतात, तेव्हा बोलणं सोपं जातं.

आर्थिक वर्षाच्या पहिल्या सहामाहीत कर भरला तर पाच टक्के सूट मिळते. गणपतीला आलात की भरून टाका आणि पावती घ्या. याच पैशातून वाडीचे दिवे लागतात आणि शिपायाचा पगार होतो.

पडवी वाढवायची आहे, किंवा नवं घर बांधायचं आहे. पंचायतीचा ना-हरकत दाखला पुरे ना?

घर गावठाणात आहे की बाहेर, यावर ते ठरतं. आपल्याकडे घरं वाड्यावाड्यांत, बागायतीत विखुरलेली, त्यामुळे बहुतेक घरं गावठाणाबाहेर शेतजमिनीत येतात. तिथे बिनशेतीचा प्रश्न येतो आणि महसूल व नगररचना खात्याकडे जावं लागतं. किनाऱ्यालगत किंवा खाडीकाठी सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, नियम वरून लागतात. देवगड, मालवण, वेंगुर्ल्यात जागा घेऊन होमस्टे काढणाऱ्यांनी हे जागेचा बयाणा देण्याआधी तपासावं.

ग्रामसभा आणि पैसा

ग्रामसभेला गेलो नाही तर काय बिघडतं?

तुमच्या वाडीचं काम आराखड्यातून राहून जातं. एवढंच बिघडतं, पण ते वर्षभरासाठी बिघडतं.

वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. बहुतेक गावांत 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखा धरून त्या घेतात. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. ती झाली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे पहिल्या दिवशी शंभर माणसं आली नाहीत म्हणून पुढच्या वेळी पंधरा माणसांत सगळ्या गावाचे ठराव होतात. मग ‘आम्हाला न विचारता ठरवलं’ म्हणण्याला अर्थ राहत नाही.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. कित्येक ठिकाणी ती रजिस्टरवर सह्या घेऊन उरकतात. बायाबापड्यांनी तिथे ठाण मांडून बसावं असं मला मनापासून वाटतं. विहीर कधी आटते, कुठल्या वळणावर दिवा नाही, अंगणवाडीत पोषण आहार नीट येतो का, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

सभेत विषय मांडायचा तर नुसतं उठून बोलू नका. आधी अर्ज द्या, विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा आणि इतिवृत्तात ठराव कसा लिहिला ते वाचून घ्या. ‘चर्चा झाली’ आणि ‘सर्वानुमते मंजूर’ यांत एका कामाचं अंतर असतं.

माझं मत मुंबईत आहे. मला ग्रामसभेत बोलता येईल का?

ग्रामसभेचे सभासद म्हणजे गावच्या मतदार यादीतली माणसं. नाव मुंबईच्या यादीत असेल तर ठरावाला हात वर करता येत नाही. पण मिळकतदार म्हणून अर्ज देणं, आकारणीवर हरकत घेणं, माहिती मागणं हे सगळं करता येतं. मुंबईच्या ग्रामविकास मंडळांनी वर्गणी काढून देवळं बांधली, शाळांना बाकं दिली, ते मोठंच काम आहे. तेवढ्याच मनाने गावात राहणाऱ्या चुलतभावाला विचारून त्याच्या अर्जाला बळ दिलं, तर वाडीचं पाणीही मार्गी लागतं.

गावात किती पैसा आला आणि कुठे गेला, हे कसं कळणार?

ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर गाव निवडलं की वर्षाचा विकास आराखडा आणि झालेला खर्च दिसतो. 2021 ते 2026 या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत 60 टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छता यांसाठी. म्हणून ‘निधी पडून आहे आणि रस्ता होत नाही’ या तक्रारीत कधी कधी पंचायतीचा दोष नसतो.

कागदावर दिसलेलं काम जागेवर दिसत नसेल तर माहिती अधिकारात अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि देयकाची प्रत मागा. दहा रुपयांचं शुल्क, 30 दिवसांची मुदत. कागद नेमके मागा. ‘पाच वर्षांची सगळी माहिती द्या’ असा अर्ज आला की उत्तरही तसंच ढगळ येतं.

पाणी

एवढा पाऊस पडतो, तरी एप्रिलमध्ये टँकर का?

कारण पाऊस पडतो आणि निघून जातो. किनारी तालुक्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि आंबोलीला त्याच्या दुपटीहून जास्त पाऊस होतो. पण सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचं अंतर थोडं आणि उतार तीव्र. वर जांभा दगड, भोकाभोकांचा. सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या कातळावर, पडलेलं पाणी त्यातून झिरपतं, खाली चिकणमातीच्या थरापर्यंत जातं आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्यांनी बाहेर पडून वहाळाला (ओढ्याला) लागतं. दिवाळीपर्यंत वहाळ खळखळतो, होळीला त्यात नुसते गोटे दिसतात. त्यातच वरचं रान तोडून सडे उघडे केले की झिरपायला वेळच मिळत नाही.

म्हणून आपल्याकडे नवी बोअरवेल मारण्याआधी जुना झरा, जुनी विहीर, तळी यांचा गाळ काढणं जास्त कामाचं. पिण्याच्या सार्वजनिक विहिरीच्या 500 मीटरच्या आत पाण्यासाठी नवी खोदाई करायला निर्बंध आहेत. शेजाऱ्याने बोअरचं मशीन आणलं तर ते आधी सांगावं, नंतर भांडून पाणी परत येत नाही.

वनराई बंधारा म्हणजे नेमकं काय? आमच्या वाडीला जमेल का?

वहाळात मातीने भरलेल्या गोणी रचून पाणी अडवणारा तात्पुरता बांध म्हणजे वनराई बंधारा. आणि हो, जमेल. पाऊस थांबला की वहाळाला चांगली धार असते, तेव्हाच हे काम करायचं. ऑक्टोबर अखेर ते डिसेंबर. त्यानंतर अडवायला पाणीच उरत नाही.

जागा अशी निवडायची की दोन्ही काठ उंच, पात्र अरुंद आणि वरच्या बाजूला पाणी साठायला सपाटी. सिमेंटच्या रिकाम्या गोणी जमा करायच्या. कोणाचं घर चालू असेल तिथे शंभर मिळतात. गोण तोंडापर्यंत भरायची नाही, पाऊण भरायची, म्हणजे ती दगडांत नीट बसते. तोंड काथ्याने शिवायचं. तळातली वाळू आणि गोटे बाजूला करून पहिला थर घट्ट जमिनीवर बसवायचा, नाहीतर पाणी खालून वाट काढतं. वरचा थर रचताना खालच्या दोन गोणींच्या सांध्यावर वरची गोण यायला हवी, गवंडी चिरा लावतो तशी. दोन रांगांच्या मधल्या पोकळीत चिकणमाती ओतून पायांनी तुडवायची. हे काम पोरांना दिलं तर ती सगळ्यात मन लावून करतात. काठाजवळ दोन्ही बाजूंना गोणी मातीत शिरवायच्या आणि मध्ये जास्तीचं पाणी सांडायला थोडी खोल जागा सोडायची.

वीस-पंचवीस माणसं आली तर सकाळी सुरू केलेला लहान बंधारा जेवणाच्या वेळेपर्यंत उभा राहतो. दुसऱ्या दिवशी मागे तुंबलेलं पाणी दिसतं, आणि काही आठवड्यांत खालच्या बाजूच्या विहिरींची पातळी सांगू लागते की काम नीट झालं. कुळीथ, चवळी, मिरचीच्या वायंगणाला (पावसाळ्यानंतरच्या पिकाला) ते पाणी पुरतं, गुरांना मिळतं, पाखरंही येतात. जिल्हा परिषद दरवर्षी असे बंधारे बांधायला ग्रामपंचायतींना लक्ष्य देते. कृषी सहायकाला आधी कळवलंत तर जागा निवडायला तो येतो आणि नोंदही होते. पावसाआधी गोणी काढून घ्यायला मात्र विसरू नका, नाहीतर प्लास्टिकचे तुकडे खाडीपर्यंत जातात.

नळाचं पाणी पिण्याजोगं आहे का, हे आपण कसं बघायचं?

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीनची जंतुनाशक पूड, घालतो. ती जास्त झाली की वास येतो म्हणून लोक ओरडतात, आणि ओरड नको म्हणून तो कमी घालतो. पावसात हे फार धोक्याचं. शेवटच्या नळाला येणाऱ्या पाण्याची ओटी टेस्ट करायला सांगा. नळीतल्या पाण्यात दोन थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा. रंग आलाच नाही तर क्लोरीन तिथवर पोचलेलं नाही.

जलजीवन मिशनचं, 2019 मध्ये सुरू झालेल्या योजनेचं, प्रमाण माणशी रोज 55 लिटर आहे. योजना झाली आणि पाणी येत नाही, असं असेल तर स्रोताला उन्हाळ्यात पाणी राहतं का, हा पहिला प्रश्न ग्रामसभेत विचारा. पंपाचं वीजबिल पाणीपट्टीतून भागतं, हेही लक्षात असू द्या.

कचरा

आमच्या गावात घंटागाडी येत नाही. कचऱ्याचं काय करायचं?

ओल्या कचऱ्यासाठी गाडीची गरजच नाही. माड-पोफळीच्या आळ्यात, नाहीतर परड्यातल्या खड्ड्यात तो जिरतो. खरा त्रास प्लास्टिकचा, डायपरचा आणि बाटल्यांचा. 2018 ची राज्याची प्लास्टिकबंदी कागदावर आहेच, तरी मे महिन्यात पाहुणे येऊन गेले की वहाळाच्या कडेला काय साचतं ते सगळे बघतात. जाळू नका. चुलीत तर मुळीच नको, तो धूर आधी चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या छातीत जातो.

सुकं प्लास्टिक धुऊन, वाळवून गोणीत भरून ठेवा. पंचायतीने महिन्यातून एकदा ते गोळा करून तालुक्याच्या केंद्रावर द्यावं, असा ठराव ग्रामसभेत घ्या. हे आपल्याच जिल्ह्यात होतं. वेंगुर्ला नगरपरिषदेने कचऱ्याचं प्रकारवार वर्गीकरण लावून जुन्या कचरा डेपोच्या जागी लोक बघायला येतील असं केंद्र उभं केलं. 2016 च्या ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात सपाटीच्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग देशात पहिला आला होता. ते नाव हगणदारीमुक्तीच्या कामावर मिळालं. प्लास्टिकवर अजून मिळवायचं आहे.

राई, सडा आणि रान

देवराईतलं पडलेलं लाकूड घेता येतं का? देऊळ मोठं करायला झाडं काढली तर?

बहुतेक गावांत रीतच आहे की राईतली काठीही बाहेर न्यायची नाही, आणि तीच पाळावी. राईच्या जमिनीची नोंद कुठे देवस्थानची, कुठे सरकारची, कुठे खाजगी मानकऱ्यांची. पंचायत किंवा देवस्थान समिती परस्पर तोड करू शकत नाही.

जीर्णोद्धार करताना राई मागे सरकते, हे जिल्ह्यात गावोगाव झालं आहे. जुनं नळ्यांचं देऊळ जाऊन भव्य सभामंडप येतो, पुढे पार्किंगसाठी जागा लागते, पेव्हर ब्लॉक बसतात आणि ज्याच्या मुळाशी झरा होता तो सातवीण जातो. राईचं देवपण त्या झाडांतच आहे, असं मी मानतो. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्ड्याच्या राईत मायरिस्टिकाची, रानजायफळाच्या जातीची, दलदल टिकून राहिली ती राईच्या धाकामुळे. आज ती जैवविविधता वारसा स्थळ आहे. आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या कुंडात सापडलेला शिस्टुरा हिरण्यकेशी हा छोटासा मासा, त्याच्या जागेलाही 2021 मध्ये हाच दर्जा मिळाला.

जैविक विविधता कायदा 2002 नुसार प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही करायला हवी. ही नोंदवही कुठल्या गावाने मनापासून केली आणि कुठे एकमेकांची नक्कल केली, हे दोन पानं वाचलं तरी कळतं. आपल्या गावची काढून बघा. त्यात तुमच्या राईतली झाडं, वैद्य आजीला माहीत असलेली पाळंमुळं, वहाळातले मासे आहेत का? नसतील तर भर घालायला सांगा.

माझ्या बागेतलं झाड तोडायला परवानगी का लागते?

महाराष्ट्र झाडतोड (नियमन) अधिनियम 1964 च्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ, खैर, साग ही झाडं आहेत, स्वतःच्या जमिनीतली असली तरी. परवानगी वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयातून मिळते, पंचायतीकडून नाही. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात तर 2013 पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने तोडीवर बंदी आहे.

वणवा लागला तर?

वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा आणि त्याच वेळी वाडीला हाक द्या, कारण गाडी येईपर्यंत काजूची बाग उरत नाही. फेब्रुवारीतच बागेभोवती आठ-दहा फूट रुंद जाळरेषा काढून गवत साफ करून ठेवावं.

गावात चिरेखाण किंवा मोठी खाण येते आहे. पंचायतीला अडवता येतं का?

गौण खनिजाची परवानगी महसूल खातं देतं, मोठ्या खाणीला पर्यावरण मंजुरी लागते आणि त्यासाठी जनसुनावणी होते. तिची जाहीर सूचना किमान 30 दिवस आधी निघते. त्या दिवसांत पर्यावरण अहवाल पंचायतीत किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात बघायला मिळतो. तो वाचा. त्यात आपल्या गावातले झरे नाहीत असं लिहिलेलं असेल तर झऱ्यांचे फोटो, ठिकाण, त्यावर अवलंबून असलेली घरं हे लेखी द्या. नुसत्या घोषणा इतिवृत्तात येत नाहीत, लेखी हरकत येते.

दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावची खाण जुलै 2021 मध्ये फुटून पाणी आणि गाळ खाली शिरला, घरांत आणि बागायतीत. हे सगळ्यांनी पाहिलं आहे. सड्यावर काय आहे तेही खाणीच्या आधी बघून घ्यावं. मालवण तालुक्यातल्या कुडोपीची कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आणि तसल्या रेघा आपल्याही सड्यावर गवताखाली असू शकतात.

गवे, हत्ती, डुकरांनी नुकसान केलं. भरपाई कशी?

पीक किंवा बागेचं नुकसान झालं तर तीन दिवसांत आणि पाळीव जनावर मेलं तर 48 तासांत जवळच्या वनअधिकाऱ्याला लेखी कळवायचं. पंचनाम्याआधी काहीही हलवू नका, ठसे आणि मोडलेले माड दिसू देत. फोटो काढून ठेवा. दोडामार्गात 2002 पासून हत्ती येतात, तिथल्या शेतकऱ्यांचा हा कागद पाठ झाला आहे. त्यांना विचारा, ते अर्ज भरून देतील.

आरोग्य

मेलेलं माकड दिसलं तर काय करायचं?

हात लावू नका, पुरू नका, पोरांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा आणि आरोग्य केंद्राला व वनखात्याला कळवा. दोडामार्ग-सावंतवाडीत माकडतापाचे रुग्ण 2016 पासून आढळत आले आहेत. तो गोचिडांमुळे होतो. डिसेंबर ते मे या काळात काजूत किंवा रानात जाणाऱ्यांनी अंग झाकेल असे कपडे घालावेत, आरोग्य केंद्रात मिळणारं तेल हातापायाला लावावं आणि घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करावी. अचानक सणकून ताप, डोकं आणि अंग ठणकणं सुरू झालं तर डॉक्टरांना ‘मी रानात गेलो होतो’ हे न विचारता सांगा.

लावणीच्या दिवसांत तोच सल्ला लेप्टोसाठी, म्हणजे चिखलपाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापासाठी. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, आणि आशाताई गोळ्या देतात त्या घ्या. फुरसं चावलं तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, 108 ला फोन करा.

सण आणि माणसं

गणपती वहाळात विसर्जन करायला बंदी आहे का?

शाडूच्या मूर्तीला आपल्याकडे कोणी अडवत नाही. अडचण प्लास्टरच्या मूर्तींची. नैसर्गिक पाण्यात त्या सोडण्यावर निर्बंध आहेत. गावच्या गणपतीच्या शाळेत पाट नेऊन देण्याची रीत अजून चालू आहे. पाट देतानाच ‘मातीचा करा’ म्हणून सांगा आणि त्याचे चार पैसे जास्त द्या. शाडू भिजवून, मळून, हाताने घडवायला वेळ लागतो, त्या माणसाने ऐन पावसात मूर्ती सुकवायची असते.

माटवीला (गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीला) बांधायची कवंडळं, कांगलं, हरणं, सुपारीचे शिपटे, आंब्याचे टाळ सगळं कुजणारं. विसर्जनाला निघताना ते पाण्यात न टाकता माडाच्या आळ्यात घाला. थर्माकोलची मखरं घेऊन येणाऱ्यांना घरातल्या आजीने एकदा माटवी बांधायला शिकवावी.

गावऱ्हाटी आणि ग्रामपंचायत यांत शेवटचा शब्द कोणाचा?

गावऱ्हाटी म्हणजे देवस्थानाभोवतीची गावाची परंपरागत व्यवस्था. देवाचे मान, पालखीचा मार्ग, जत्रेचा दिवस हे तिथले मानकरी आणि बारा-पाच ठरवतात. रस्ता, पाणी, परवानगी, सार्वजनिक पैसा हे पंचायत ठरवते, आणि तिथे जात, मान, घराणं काही चालत नाही. सार्वजनिक विहीर आणि स्मशानभूमी सगळ्यांची. आचरे, चिंदर, वायंगणीसारख्या गावांत गावपळण असते. सगळं गाव वेशीबाहेर जाऊन राहुट्यांत राहतं, आणि त्या दिवसांत दोन्ही व्यवस्था एकत्र काम करतात, एकीने हुकूम द्यायचा आणि दुसरीने पाणी-दिव्यांची सोय करायची.

आई गावात एकटी असते. पंचायतीकडून काय होऊ शकतं?

हा प्रश्न दरवर्षी वाढतो आहे. वाडीत दहा घरं, त्यांतली सहा बंद, दोन घरांत एकेक म्हातारी असा हिशेब झालाय.

वय 65 च्या वर आणि वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत असेल तर श्रावणबाळ योजनेतून महिना 1500 रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात, पण कागद जमवायला ग्रामसेवक आणि तलाठी दोघे लागतात. वर्षातून एकदा हयातीचा दाखला दिला नाही तर पैसे थांबतात, ते कोणीतरी लक्षात ठेवायला हवं. बँकेच्या बोटाच्या ठशात अडचण येत असेल तर बँक मित्राला घरी बोलवता येतं का, ते विचारा.

पैशाच्या पलीकडचं बघायचं तर आशाताई, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, आणि शेजारच्या घरातला एक माणूस, यांचे नंबर मोठ्या अक्षरात लिहून घरात दरवाजामागे लावून जा. घराची एक चावी शेजारी ठेवा. पावसात वीज गेली, घरावर झाड पडलं तर पहिल्यांदा तीच माणसं धावतात. आणि पुढच्या ग्रामसभेत आपल्या वाडीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी करून आरोग्य उपकेंद्राला द्यावी, असा ठराव मांडायला गावातल्या कोणाला तरी सांगा. असा ठराव घ्यायला निधी लागत नाही.